सत्यभामाबाईनं बांधलेलं इंजिन

भालकीत सत्यभामाबाईच्या हातचं पोलकं एकदा अंगात गेलं की बाई दुसऱ्या शिंप्याचं नाव काढत नसे. काखेत ओढ नाही, पाठीला चुणी नाही. माप घेताना तिच्या तोंडात टाचण्या, आणि टाचण्या असल्या तरी तोंडाचा पट्टा चालूच. "श्वास सोड की गं! पोट आत घेऊन मला फशिवतीस व्हय? दिवाळीला फुगशील तवा माज्याच नावानं शिमगा करशील." अशी ती बाई. मनात एक अन् ओठावर एक हे तिला जमायचंच नाही. खरं बोललं की सगळं सरळ होतं, यावर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा. अहो, भरवसा चांगलाच, पण तो सुद्धा एखाद्या वेळी अंगाशी येतो.

नवरा किशनराव मालगाडीचे ड्रायव्हर. वाफेच्या इंजिनात कोळसा मारण्यापासून सुरुवात केलेली, पुढं डिझेल हाती आलं. बिदरच्या लाईनीवर सिमेंट, साखर आणि तुरीची पोती ओढता ओढता केस पांढरे झाले. माणूस कमालीचा अबोल. कुणी विचारलं तर म्हणायचे, "इंजिनच यवढं वरडतंय, मी आनखी कामून वरडू?" स्वतःच्या वाट्याचंही ते बोलत नव्हते आणि त्यांच्या वाट्याचं ती बोलायची, म्हणून संसार छान चालला होता.

शहाऐंशी सालच्या फाल्गुनात त्यांच्या गाडीखाली शंकरप्पा गेला. तीन घरं सोडून राहणाऱ्या सोजराबाईचा हा एकुलता एक लेक, लग्नाला आलेला. डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन शेतातून येत होता. गावाबाहेरच्या वळणावर पायवाट रूळ ओलांडते, तिथं गाठ पडली. पेंढीनं दोन्ही कान झाकलेले. चौकशी झाली. माणूस अचानक पुढं आला, ड्रायव्हरचा दोष नाही, असं साहेब लोकांनी ठरवलं. पण साहेबांनी ठरवलं म्हणून गावाचं थोडंच ठरतं?

सोजराबाई रोज येऊन त्यांच्या पायरीवर बसू लागली. शिवी नाही, शाप नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, सत्यभामाबाईनं दोन ऐकून चार सुनावल्या असत्या. पण ही म्हातारी एकच विचारायची, "किशनराव, यवढा दांडगा गडी माजा, डोक्यावर पेंढी. तुमाला दिसला न्हाई व्हय?" आतल्या खोलीत किशनराव भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. ड्युटीवर जाणं त्यांनी बंदच केलं होतं. रजेवर रजा टाकत होते. भाकरी मोडायचे आणि तशीच ताटात ठेवायचे.

मग कल्लप्पा यायचा आणि म्हातारीला हाताला धरून घरी न्यायचा. कल्लप्पा म्हणजे सोजराबाईच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. तिनंच त्याला शंकरप्पाबरोबर एका ताटात वाढवला. आता तिचं पाणी, म्हशीची धार, बाजारहाट, सगळं तोच बघायचा. किशनरावांच्या इंजिनात तो असिस्टंट होता आणि त्या दिवशीही होता, हे गावाला ठाऊक होतं. पण असिस्टंट म्हणजे काय? गावाच्या लेखी तो लॉरीवरचा क्लीनर. काच पुसायची, पाणी आणायचं, झालं. त्यात त्याचा काय दोष? खरं सांगायचं तर सत्यभामाबाईलाही तसंच वाटायचं. खापर फुटलं ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर.

एका दुपारी तिनं नवऱ्याला धरलंच. "गप्प बसून काय व्हनार हाय? मला तरी सांगा. दिसला व्हता का न्हाई?"

किशनराव म्हणाले, "परतीला इंजिन फिरवायला मिळालं न्हाई. लांब नाक पुढं व्हतं."

"मंजी?"

"डिझेलला ड्रायव्हरची खोली एका टोकाला असती. मशिनरी सगळी त्या लांब नाकात. ते नाक पुढं आलं की मला माज्या बाजूचं दिसतंय, पल्याडचं काई दिसत न्हाई. त्यो पल्याडनं आला."

बस्स, सत्यभामाबाईला एवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी सोजराबाई पायरीवर टेकते न टेकते तोच हिनं सगळं सांगून टाकलं. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इंजिनाला यवढी मोठी काच असती, अन् दिसत न्हाई म्हंतीस? पोरी, नवरा हाय तुजा. तू म्हननारच."

हे तिला झोंबलं. नवऱ्याला वाचवायला आपण खोटं बोलतोय? आपण? दाखवल्याशिवाय आता सुटका नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

तिचा भाऊ अण्णाराव मस्कतला कामाला होता. त्यानं भाचीच्या, म्हणजे सत्यभामाबाईच्या लेकीच्या, तान्ह्या बाळासाठी प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा मोठा डबा आणला होता. एकावर एक दाबले की घट्ट बसणारे, डोक्यावर बटनं असलेले ठोकळे. बाळ अजून सगळंच तोंडात घालत असल्यानं डबा हिच्याच घरी फळीवर पडून होता. तिनं तो खाली काढला आणि संध्याकाळपर्यंत एक इंजिन उभं केलं. पुढं काच, काचेमागं खोली, मागं शेपटासारखी मशिनरी. नवऱ्यापुढं नेऊन ठेवलं. किशनरावांनी पाहिलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडातून हसल्यासारखं काही तरी निघालं.

"ही काय लॉरी हाय व्हय? असं असतं तर सगळंच दिसलं असतं की मला."

"मग कसं असतंय, सांगा की. माप सांगा."

"माप मला काय ठावं! मी चालवतो, शिवत न्हाई."

मग काय, स्टेशनात क्रॉसिंगला मालगाडी थांबली की ही बाई टेप घेऊन फलाटावर हजर. नाक किती हात, खोली किती हात, खिडकी जमिनीपासून कुठं. रुळाचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समननं लांबून हाक मारली, "वैनी, इंजिनाला पोलकं शिवायलाव व्हय?"

"तुज्या बायकोचं झालं शिवून. आता ह्येचं!" ती म्हणाली आणि टेप धरून चालत राहिली.

एक हात म्हणजे एक बटन, हा तिचा हिशेब. मोठ्या बाईचं पोलकं बाहुलीला करायचं तर सगळंच सारखं उतरवावं लागतं, नुसती बाही आखूड करून चालत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. सहा बटनं रुंद, आणि लांबी धरली तर फूटभर. नाकाच्या वरच्या कडा गोलसर असतात. त्यासाठी घराच्या छपराचे उतरते ठोकळे होते, ते सगळे संपले, आता घर काही होणार नव्हतं, तेव्हा कौलारू घराचं चित्र असलेला डब्यावरचा कागद तिनं फाडून टाकला. रंग काही जमेना. निम्मं इंजिन लाल, निम्मं पिवळं, एक पट्टा निळा. डबे जोडायच्या आकड्यासाठी पोलक्याचे हुक लावले, कडेच्या कठड्याला तार वळवली. शेवटी तिनं किशनरावांना खुर्चीवर बसवलं आणि टेप जमिनीपासून थेट डोळ्यापर्यंत धरली.

"हे काय करायलीस? सदरा शिवायलीस का?"

"तुमचे डोळे कुटं येत्यात ते बघायलेय. डोळ्याची उंची चुकली तर सगळंच चुकलं."

किशनराव मान वर करून निमूट बसले. त्या दिवसांत ते थोडे सुधारले. "नाक आनखी उंच घे," "खिडकी हितं न्हाई, मागं," असं सांगायचे. एके दिवशी तर पूर्ण भाकरी खाल्ली. सत्यभामाबाईला वाटलं, आलाच माझा माणूस परत.

एकाच गोष्टीवर अडलं. ड्रायव्हरची बाजू झाली, तशी ती पलीकडची खिडकी करायला बसली. किशनराव म्हणाले, "तिकडची राहू दे. भिंत घाल सरळ."

"कामून?"

"तिकडनं कोन बघनार हाय?"

"एका बाहीचं पोलकं दिलंय का मी कुनाला?" ती फणकारली. "इंजिनाला दोन बाजू असत्यात ना? मग दोन करनार."

ते उठून आत गेले. तिनं पलीकडची खिडकी केली, अगदी मापात, आणि खिडकीमागं बसायची जागासुद्धा. खोलीमागचं आखूड नाक झाकणासारखं काढता येईल असं ठेवलं, म्हणजे तिथून ड्रायव्हरच्या जागी डोळा लावता येईल.

आषाढातल्या एका संध्याकाळी तिनं सोजराबाईला पायरीवरून उठवून घरात आणलं. फरशीवर खडूनं रुळाचं वळण काढलेलं, त्यावर इंजिन. वळणापुढं, पायवाटेच्या जागी, एकावर एक तीन ठोकळे आणि त्यावर एक आडवा पिवळा.

"हे काय गं?"

"पेंढी, सोजराक्का."

म्हातारीनं त्या पिवळ्या ठोकळ्यावरून बोट फिरवलं. "हा माजा शंकर व्हय?" असं म्हणून ती इतका वेळ तिथंच बसून राहिली की सत्यभामाबाईला वाटलं, आपण हे करायलाच नको होतं. किशनराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. "झालं, राहू दे आता," ते म्हणाले. पण सोजराबाई आपणहून गुडघ्यावर वाकली आणि ड्रायव्हरच्या जागी डोळा लावला.

"नाकच दिसतंय," ती म्हणाली. "कड दिसती, हिकडचा रूळ दिसतोय. शंकर दिसत न्हाई." मग तिनं मान वर करून किशनरावांकडं बघितलं. "खरंच दिसत न्हाई की रं, किशन! मी उगंच तुजा जीव खाल्ला."

सत्यभामाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. चार महिने ज्याची वाट बघितली ते झालं होतं.

पण म्हातारी उठली नाही. ती सरकत पलीकडं गेली आणि दुसऱ्या खिडकीमागं डोळा लावला. मग म्हणाली, "हितनं दिसतंय."



"सत्यभामा, हितं कोन बसतंय?"

सत्यभामाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. किशनरावांनी मान हलवली. नको. जरा कळेल न कळेल अशी, पण तिला ती कळली. त्या क्षणी तिला सगळंच उलगडलं. भिंत घाल का म्हणाले, चार महिने भिंतीकडं तोंड करून का पडले. सोजराबाईचं म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ, असा हा प्रकार. उभ्या जन्मात खोटं न बोललेली ती बाई म्हणाली, "कोनी न्हाई, अक्का. माजंच चुकलं. तिकडं खिडकी नसतीच."

"म्हातारी हाय, आंधळी न्हाई मी. इंजिनं बघितल्यात," सोजराबाई म्हणाली. "कोन बसतंय?"

तेवढ्यात दारातून हाक आली. "मावशी, चला. म्हैस वरडायलीय." कल्लप्पा न्यायला आला होता.

"हिकडं ये," म्हातारी म्हणाली. "हितं डोळा लाव."

कल्लप्पानं खडूचं वळण बघितलं, इंजिन बघितलं, पिवळा ठोकळा बघितला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्या जागी तो कित्येक वर्षं बसला होता. तो गुडघ्यावर टेकला आणि डोळा लावला.

"काय दिसतंय?"

"शंकर," तो म्हणाला.

"आन त्या दिवशी?"

"मी चहा मागितला व्हता!" किशनराव एवढ्या मोठ्यानं बोलले की सत्यभामाबाई दचकली. "पल्याडचं बघायचं काम त्येचं, पन म्याच त्येला चहा वतायला सांगितलं. चौकशीत दोगंबी बघत व्हतो म्हनून म्याच सांगितलं. चूक माजी हाय, सोजराक्का. त्येला काई म्हनू नका."

कल्लप्पा अजून गुडघ्यावरच होता. "न्हाई, किशनअण्णा," तो म्हणाला. "वळन गेल्यावर वत म्हनलाव तुमी. म्या आदीच पाठ फिरवली. भोंगा मारा म्हनून सांगायला पायजे व्हतं, तवा माज्या हातात थर्मास व्हता." मग तो म्हातारीकडं वळला. "मावशी, मला सांगायचं व्हतं. रोज सांगायचं व्हतं."

सोजराबाई रडली नाही, ओरडली नाही. फरशीला हात टेकून उठायला लागली, तोल गेला. सत्यभामाबाई पुढं झाली, तिला म्हातारीनं हातानंच बाजूला सारलं. कल्लप्पाची हात पुढं करायची हिंमत होईना.

"हात दे की रं," म्हातारी म्हणाली. "म्हैस वरडायलीय. मला दुसरं कोन हाय?"

त्यानं हात दिला. दोघं पायरी उतरून गेले. तो घळाघळा रडत होता आणि ती समोर बघून चालत होती.

किशनराव खाली बसले. रागावले नव्हते, आणि तेच वाईट होतं. "मला ठावं व्हतं तुजं काम खोटं पडनार न्हाई," ते म्हणाले. "म्हनून तर भिंत घाल म्हनलं. माज्यावर रुसून ती त्येच्या आधारानं जगली असती. आता तिला त्येच्याच हातची भाकर खायची हाय. रोज."

सत्यभामाबाईनं पलीकडच्या खिडकीचा एक ठोकळा उचकटला आणि पुन्हा होता तिथंच दाबून बसवला.