तांबं प्यायलेले दगड

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. इस्पितळात सगळे त्यांना मीठकाका म्हणायचे. मुलांच्या वॉर्डाबाहेरची खाऱ्या पाण्याची टाकी एकोणीस वर्षं त्यांनीच सांभाळली. बादलीत मीठ कालवायचं, मापाची नळी बुडवून बघायची आणि वर स्वतःच्या ओठाला थेंब लावून म्हणायचं, "हां, आता झाला समुद्र." सुई टोचून घ्यायला निघालेली पोरं त्या काचेपाशी दोन मिनिटं तरी रडायची थांबत.

टाकीत दोन म्हातारे नारिंगी मासे आणि काळपट दगड. तिथे जिवंत प्रवाळ हवेत, ही मागणी माझी, वॉर्डासाठी सतत भांडणाऱ्या कार्यकर्तीची. निवेदन दिलं, सह्या गोळा केल्या, अधीक्षकांच्या दारात ठाण मांडलं. मंजुरी मिळाली त्याच दिवशी मी उद्घाटनाची तारीखही जाहीर करून टाकली. काकांना विचारावं असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

"ताई, दोन महिने तरी द्या," काका म्हणाले. "माशांना बुरशीसारखे पांढरे ठिपके यायचे तेव्हा मी तांब्याचं औषध घालायचो. माशांना ते चालतं. कोळंबी, शंख, प्रवाळ मात्र त्याने मरतात. ह्या दगडांनी वर्षानुवर्षं तांबं प्यायलंय. ते हळूहळू पाण्यात सोडतात. वाळू, दगड, सगळं नवं टाकावं लागेल."

"काका, काम लांबवायची कारणं मी शाळा सोडल्यापासून ऐकतेय," मी परिचारिकांसमोर ओरडले. "दगड काय दारुडे आहेत, प्यायला?"

सगळ्या हसल्या. काका हसले नाहीत. रातोरात नाही, पण महिन्याभरात त्यांनी टाकी घासली, नवी वाळू आणि चार नवे दगड टाकले, मासे वेगळ्या टाकीत हलवले. जुने दगड जिन्याखाली बादल्यांत झाकून ठेवले. "हे फेकायचेत," एवढंच म्हणाले.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी मी टाकी बघितली. एका कोपऱ्यात प्रवाळाचे इवले तुकडे, मधे एक लाल-पांढरी कोळंबी, काचेवर दोन-चार शंख, बाकी सगळं उघडंबोडकं. पाहुणे काय म्हणतील? काका जेवायला गेले होते. मी बाह्या सरसावल्या आणि बादल्यांतले दगड एकेक करून आत लावले. छान भरगच्च दिसायला लागलं.

टाळ्या वाजल्या. मी भाषण ठोकलं. चौथ्या दिवशी कोळंबी आडवी पडली. मग शंख काचेवरून गळून पडले. प्रवाळ मिटले ते उघडलेच नाहीत. एका मुलीने कोळंबीकडे बोट दाखवून विचारलं, "ती झोपलीये का?" तिच्या आईने तिला उचलून नेलं.

अधीक्षकांनी बैठक बोलावली. "चूक कोणाची?"

मी, जी मंत्र्यासमोरही खाली बसत नाही, ती टेबलावरचा पेपरवेट बघत बसले.

"टाकी माझी, चूक माझी," काका म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांच्याकडून टाकी काढून घेतली आणि त्यांना कपडे धुण्याच्या खोलीत पाठवलं.

नऊ दिवस मी त्या बोळातून जायचं टाळलं. दहाव्या दिवशी त्या खोलीत गेले. काका ओल्या चादरी पिळत होते.

"काका, ते दगड मी..."

"माहितीये. मोठे सगळे पुढे, बारके मागे. सभेतले पाहुणे बसवल्यासारखे. दुसरं कोण असं लावणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही ओरडता म्हणून वॉर्डाला दोन परिचारिका जास्त मिळाल्यात, ताई. तुमचं नाक कापून मी काय करू? धरा, चादरीचं ते टोक."

मी टोक धरलं. पिळता पिळता हात दुखले. काकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना मला उत्तर देता येतं.

दुसऱ्या दिवशी अधीक्षकांच्या टेबलावर निवेदन ठेवलं. खाली एकच सही. तोंडी माफी मागून सुटायची माझी तयारी होती; पण काकांना एकोणीस वर्षांची टाकी परत मिळायची तर कागदावर लिहूनच द्यायला हवं होतं. सगळ्या वॉर्डासमोर मी ते वाचूनही दाखवलं. आवाज मला स्वतःलाच ओळखू आला नाही.

काका परत टाकीपाशी आहेत. आत नुसतं पाणी आणि नवे दगड. सातवा आठवडा चाललाय. तांबं उरलंय का बघायला रोज ते पाण्याच्या थेंबाची तपासणी करतात. मी मिठाची बादली ढवळते, त्यांनी सांगितलं तेवढीच.

काल एका आईने विचारलं, "मासे कधी येणार हो?"

तारीख जिभेवर आली होती. गिळली. म्हटलं, "काकांना विचारा."