फेट्यामागचा नंबर

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढलाच तर मला हटकून खोकला यायचा. आता पंचाहत्तरी उलटली, खोकलाही खरा यायला लागलाय. तेव्हा लिहून टाकतो.

कुपवाडला माझा छोटा कारखाना होता. कडबाकुट्टी यंत्राची पाती आम्ही बनवायचो. वेबसाइट करायला साताऱ्याहून एक मुलगी आली. सांगलीकडचं तिचं ते पहिलंच काम. मला वाटलं, आल्या आल्या कॉम्प्युटर उघडेल. ती दोन दिवस माझ्या फोनशेजारी बसून नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "काका, लोक दोनच गोष्टी विचारतात. माझ्या यंत्राला कुठलं पातं बसेल आणि कधी मिळेल."

साइटही तेवढीच केली. पात्यांचे स्वच्छ फोटो, पत्ता, खाली ठळक फोन नंबर. बाकी सगळं पांढरं.

"एवढी मोकळी जागा? प्लॉट पाडायचेत काय?"

"नंबर दिसावा म्हणून आहे, काका."

मला ते पटेना. ती गेल्यावर चौकातल्या फ्लेक्सवाल्याला पासवर्ड देऊन मी जागा भरून घेतली. सरकत्या शुभेच्छा, झेंडूच्या माळा आणि मधोमध फेटा बांधलेले मेहुणे. मेहुण्यांचा कारखान्याशी संबंध एवढाच, की उद्घाटनाची फीत त्यांनी कापली होती. तीही बोथट कात्रीनं.

महिन्याभरानं मी तिला बोलावलं. शेजारचे दोन कारखानदार तिला काम देणार होते, तेही येऊन बसले होते. चहा होतोय तोवर जतचे एक म्हातारे शेतकरी मोडकं पातं पोत्यात गुंडाळून आत आले.

"आवं मालक, नंबर हुडकून दमलो. मोबाइलवर त्ये फेट्यावालं सायेब जागचं हालंनातच. पत्ता तेवढा दिसला, म्हणलं जाऊनच यावं."

शेजाऱ्यानं माझा मोबाइल ओढून पाहिलं. "गड्या, ही साइट हाय का लग्नपत्रिका? कुणी केली रं?"

मी तिच्याकडे बोट केलं. "हिनं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी खोकलो. मग तिनं त्या म्हाताऱ्यांचं पातं हातात घेतलं, आपल्याकडच्या जुन्या फोटोंशी ताडून पाहिलं आणि एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्हाला हे बसेल." बॅग उचलून ती साताऱ्याच्या गाडीला गेली. कुपवाडात पुन्हा तिला कुणी बोलावलं नाही. शेजाऱ्यांनी आपल्या साइटी फ्लेक्सवाल्याकडून करून घेतल्या.

परवा तिची स्वतःची साइट सापडली. एक चौकट, 'काय सांगायचंय?' एवढाच प्रश्न, आणि खाली 'पाठवा' हे बटण. ते मला चष्म्याशिवायही दिसतं. सापडलं नाही म्हणायची सोयच तिनं ठेवलेली नाही. रोज सकाळी त्या चौकटीत लिहितो, बटणापर्यंत बोट नेतो आणि पुसून टाकतो: 'पोरी, साइट मी बिघडवली आणि नाव तुझं सांगितलं. माझं चुकलं.'