अक्कानं तिसऱ्यांदा विचारलं नाही

फोन आला तेव्हा गिऱ्हाईक पायरी उतरत होतं. जयपूरच्या चांदपोल बाजारात माझं रजयांचं दुकान आहे. गिऱ्हाईक पायरी उतरेपर्यंत भाव सोडायचा नाही आणि उतरल्यावर हाक मारायला क्षणभरही थांबायचं नाही, हा माझा तीस वर्षांचा नेम. फोन मेलबर्नच्या भाच्याचा दिसला. वाजू दिला. "भाईसाब, सुनो तो सही," म्हणत गिऱ्हाइकाला परत बसवलं, दोन रजया बांधून दिल्या आणि मग भाच्याला फोन लावला. "मामा, आई गेली," तो म्हणाला. "झोपेतच." माझी थोरली बहीण, अक्का, जाऊन आता सहा आठवडे झाले.

भेटायला आलेले म्हणाले, अक्कानं तुला आईसारखं सांभाळलं. सांभाळलं, दोन वर्षं. सोळाव्या वर्षी मी कुर्डुवाडीहून आलो तो तिच्या जयपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. भाऊजी रेल्वेत फिटर होते. मला धड हिंदी येत नव्हती. भाजीवाल्याला मी "ए, कसं दिलं" म्हणालो तर अख्खी गल्ली हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं अक्का हसली. मग तिनंच शिकवलं. "इथं नावापुढं मानाचा 'सा' लाव, शिवीसुद्धा पचते. आणि घासाघीस करताना तीनदा विचारायचं. पहिलं नाही म्हणजे नाही नसतं रे. दुसरं नाही म्हणजे तो विचार करतोय. तिसऱ्यांदा विचारायला लाजलास तर उपाशी राहशील." माझा सगळा धंदा यावर उभा आहे, हे मी तिला कधी कळू दिलं नाही. कारण त्याच क्वार्टरमधून एका दुपारी भाऊजींनी माझी ट्रंक बाहेर ठेवली. मी बारावीला नापास झालो होतो. "ज्याचं त्यानं बघावं," ते म्हणाले. अक्का पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं नाही. पुढं मी फुटपाथवर चादरी विकल्या, खातीपुऱ्यात दुमजली घर बांधलं, आणि ती नातेवाइकांत सांगत राहिली, "मीच आणला त्याला जयपूरला."

भाऊजी वारल्यावर मुलगा तिला मेलबर्नला घेऊन गेला. सदुसष्टाव्या वर्षी ती नव्यानं बोलायला शिकली. दर रविवारी फोन. "दुपारला इथं आर्वो म्हणतात रे. मतलब, सगळेच शब्द अर्धे तोडून टाकतात." मी फोन स्पीकरवर टाकायचो आणि शेजारच्या दुकानदारांना बोलवायचो. कुर्डुवाडीच्या हेलातलं तिचं इंग्रजी ऐकून आम्ही पोट धरून हसायचो. तिला ऐकू जायचं. तरी पुढच्या रविवारी फोन करायचीच. एकदा सांगत होती, दुकानातल्या बाईनं कशा आहात विचारलं म्हणून तिनं गुडघ्याचं सगळं सविस्तर सांगितलं, तर मागं रांग लागली. "इथं उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. आणि एकदा नाही म्हटलं की पुन्हा विचारायचं नाही. वाईट दिसतं."

"मग तुझं कसं भागतं तिथं?" मी विचारलं.

"शिकले आता," ती म्हणाली.

मागच्या हिवाळ्यात तिनं पहिल्यांदा विचारलं. "तुझी वरची खोली रिकामी आहे ना रे? मला यायचंय. कायमचं." मी म्हणालो, माल ठेवलाय. नव्हता ठेवला. पुढच्याच आठवड्यात मी तिथं कमोड बसवून घेतला, जिन्याला कठडा लावला, दुकानातली सगळ्यांत हलकी रजई स्वतः निवडून पलंगावर नेऊन ठेवली. बायको म्हणाली, "अहो, मग हो म्हणून टाका की." म्हटलं, विचारेल अजून. महिन्याभरानं तिनं विचारलं. आवाज बारीक झाला होता. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नाही रे इथं... एका कोपऱ्यात पडून राहीन." तेव्हा मी इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य काढलं. "ज्याचं त्यानं बघावं, अक्का." ती म्हणाली, "नो वरीज." तिकडं म्हणे सगळे असंच म्हणतात, काही हरकत नाही अशा अर्थानं. मी ते दुकानात चार जणांना तिच्या आवाजात म्हणून दाखवलं.

त्यानंतरही रविवारचा फोन येत राहिला. हवा, गुडघा, नातवाची शाळा. दर वेळी मी खोलीचा विषय निघायची वाट बघायचो. हो म्हणायची माझी तयारी होती. विषय निघाला नाही. मी काढायचा, तर मग इतकी वर्षं मी काय शिकलो? तीनदा विचारायचं हे तिलाही ठाऊक होतं, तिनंच शिकवलं होतं. ती पुरती तिकडची झाली, की या वेळी तिनं मला पायरीवर उभं ठेवलं आणि मागं न बघता चालायला लागली... मला सांगता येत नाही. पण मला तिचा राग आहे, आणि ती गेली म्हणून तो कमी झालेला नाही.

खोली तशीच आहे. रजई अजून प्लास्टिकच्या पिशवीत. परवा बायकोनं विचारलं, "थंडीचा सीझन आहे. ती दुकानात नेऊन ठेवायची का?"

मी नाही म्हणालो. अजून दोनदा विचारेल ती.