अव्वाची कवळी आणि माझा मऊ ब्रेड

अव्वाची नवी कवळी शिरा खाताना मोडली नव्हती. ती मी मोडली. (अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या घरात अर्धं मराठी, अर्धं कानडी चालतं.) ही गोष्ट दोन वर्षांत मी कुणालाही सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. न सांगणं मला फारसं जड गेलं नाही, कारण मी मुळातच कमी बोलतो. कमी बोलणारा माणूस खोटं बोलत नाही, असा आमच्या जुळे सोलापूर भागात एक समज आहे. त्या समजावर मी दोन वर्षं आरामात राहतोय!

अव्वाचं माहेर मैंदर्गी. जन्म कडक भाकरीवर गेलेला. पापडासारखी पातळ, टिचकी मारली की वाजणारी भाकरी, वर शेंगाचटणी. दात गेल्यावर ती भाकरी दुधात भिजवून खायची आणि आम्हा सगळ्यांकडे रागानं बघायची. शेवटी कॉलनीतल्या तरुण डॉक्टरांनी कवळी करून दिली. "आजी, पंधरा दिवस फक्त मऊ खायचं हं. मग हळूहळू भाकरी." अव्वानं त्याच दिवशी कॅलेंडरवर पंधरावा दिवस पेनानं गोल करून ठेवला.

चौथ्या दिवशी माझी बायको सुवर्णा दोन दिवसांसाठी अकलूजला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "शिरा करून ठेवलाय. दोन्ही वेळा मऊ खिचडी लावा. आणि अहो, डोकं लावू नका!"

मी लावणारही नव्हतो. पण अव्वानं सकाळचं ताट चार घास खाऊन सरकवलं.

"शिरा-खिचडी, खिचडी-शिरा! मी काय बाळंतीण हाय व्हय रे, मल्लू?"

हे मला लागलं. त्याच वेळी मोबाईलवर एक बाई हसत हसत सांगत होत्या: यीस्ट नको, ओव्हन नको, तासाभरात कापसासारखा ब्रेड! मी ठरवलं. आता अव्वाला मऊ ब्रेड खाऊ घातल्याशिवाय खाली बसायचं नाही. कणीक घेतली, दही घेतलं, सोडा-मीठ घातलं, हलक्या हातानं गोळा केला, वर सुरीनं फुली मारली. कुकरची शिट्टी काढली, रिंग काढली, तळाशी मीठ पसरलं, वर डबा ठेवला. एवढं नीट काम मी ऑफिसातसुद्धा केलेलं नाही.

पाऊण तासानं झाकण उघडलं. ब्रेड फुगला होता! बाईंनी दाखवला होता अगदी तसा. इथं मी थांबलो असतो, तर आज हे लिहावं लागलं नसतं. पण मी पडलो सोलापूरचा. मी त्याला टिचकी मारली.

थप्प.

भाकरी झाली की वाजते, हे मला लहानपणापासून माहीत. हा वाजेना. म्हणजे कच्चा! परत कुकरमध्ये. दहा मिनिटांनी टिचकी: थप्प. परत आत. आणखी दहा मिनिटं. "ठप"! सुधारणा होती. मला जोर चढला. बाईंचा व्हिडिओ मी केव्हाच बंद केला होता. (त्यांना भाकरीतलं काय कळतंय!) पाचव्या खेपेला टिचकी मारली आणि घर दुमदुमलं:

टण्ण!

मी समाधानानं घाम पुसला. मग मनात शंका आली. वाजतोय छान, पण अव्वाला चावेल का? माझे दात धडधाकट, म्हणजे मी चावून काही सिद्ध होत नव्हतं. चाचणी तिच्याच दातांची व्हायला हवी होती. अव्वा दुपारची झोपली होती आणि कवळी स्टीलच्या वाटीत, पाण्यात होती. मी खालची अन् वरची दोन हातांत धरली, मध्ये ब्रेडचा कडेचा तुकडा घेतला आणि ओट्यावर टेकवून अंगचा जोर लावला.

खाडकन आवाज झाला. ब्रेडला काही झालं नाही.

"काय मोडलं रे?" आतून अव्वा.

"काही नाही अव्वा, ब्रेड मोडला."

"एवढा आवाज? काय घातलास रे त्यात?"

खालच्या कवळीचे दोन तुकडे मी वाटीत एकमेकांना टेकवून ठेवले. (ते तिथं जुळतील, असं मला का वाटलं, कोण जाणे.) ब्रेड बाहेर कुत्र्याला टाकला. त्यानं हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या गल्लीत निघून गेला. शेवटी मी तो गच्चीवर लपवला.

संध्याकाळी अव्वानं कवळी उचलली, तर हातात अर्धीच आली. सकाळी शिरा खाताना तडा गेला असेल, असं तिनंच ठरवलं. मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात चारपाच माणसं बसलेली. डॉक्टरांनी तुकडे उलटसुलट करून बघितले आणि हसले.

"आजी, शिऱ्यानं कवळी मोडत नाही. खरं सांगा, भाकरी खाल्लीत ना?"

"न्हाय खाल्ली."

"चोरून? एकच?"

अव्वा ताठ झाली. "मी खोटं बोलत न्हाय. मल्लू घरातच हुता. मल्लू, सांग की ह्यास्नी!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हेल्मेटची काच पुसत म्हणालो, "मी... फोनवर होतो."

डॉक्टरांनी मला डोळा मारला! मुलगा आईला पाठीशी घालतोय, असं वाटलं त्यांना. भला माणूस. नवी कवळी करून दिली आणि कडक भाकरी कायमची बंद केली. भिंतीवर पाटीही लागली: 'कवळीवाल्यांनी कडक भाकरी खाऊ नये.' कॉलनीतल्या निम्म्या आज्या माझ्यामुळे दुधात भाकरी भिजवतात! सुवर्णा परत आल्यापासून भाकऱ्यांचा डबा फडताळात कुलपात असतो. गच्चीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिनं तिथलीच एक 'वीट' लावली आहे. ती वीट कशाची, हे फक्त मला माहीत आहे.

तेव्हापासून दर रविवारी मी ब्रेड करतो. आता मऊ होतो. टिचकी मारत नाही. अव्वा मुकाट्यानं खाते. "मऊ हाय," एवढंच म्हणते.

गेल्या रविवारी मैंदर्गीहून मावशी आली, कडक भाकरीची चवड घेऊन. सगळ्यांनी ताटं घेतली. अव्वानं हात मांडीवर ठेवले.

"मला नको. मी चोरून खाते म्हणतेत."

सगळे हसले. अव्वा नाही हसली. मीही नाही.

म्हणून आज हे लिहिलं. उद्या तिला वाचून दाखवणार आहे आणि मग स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेणार आहे. ती वीट पिशवीत घालून. पाटीखाली उभं राहून, सगळ्यांसमोर, 'अव्वानं भाकरी खाल्ली नव्हती' हे एक वाक्य मी तिचं देणं लागतो. आणि एक कडक भाकरी. ती मात्र विकत आणीन.