नीलाताईंचं अर्धं पान

नीलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे नेदरलँड्समध्ये, हूफडॉर्प स्टेशनवर उभा होतो. त्यांचे यजमान सुधीरराव एवढंच म्हणाले, "सकाळी गेली रे, झोपेतच." मी नुसतं "हो" म्हणालो आणि समोरून माझी गाडी निघून गेली. त्याला आता सहा आठवडे झाले. एक गोष्ट तेव्हापासून टोचते आहे, ती आज लिहून टाकतो.

ताई पुण्यात कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे झूटरमेर गावी आल्या, दोन वर्षं घरी बसून कंटाळल्या आणि हेगजवळच्या एका शाळेत अमेरिकन मुलांना त्यांच्याच देशाची घटना शिकवायला लागल्या. मी चिडवायचो, "ताई, इथल्या खेमेंटेचं, नगरपालिकेचं, पत्र आलं की फोनवर ट्रान्सलेट करता, आणि तिकडच्या सिनेटचे नियम मात्र तोंडपाठ!" त्या हसायच्या. पण एकदा बोलायला लागल्या की... राष्ट्राध्यक्षांनी नाकारलेला कायदा काँग्रेस पुन्हा कसा मंजूर करते, हे त्या कांदा चिरता चिरता सांगायच्या आणि आम्ही जेवण विसरून ऐकत बसायचो. त्यांचा खरा जीव तिथल्या सुप्रीम कोर्टात. "रेल्वेत गोऱ्यांचा डबा वेगळा, काळ्यांचा वेगळा, हे घटनेत बसतं असं कोर्ट म्हणालं, तेव्हा एकच न्यायाधीश नाही म्हणाला. हरला बिचारा. पण त्याचं मत निकालासोबत छापलं गेलं. जवळजवळ साठ वर्षांनी कोर्टालाच त्याच्या बाजूला यावं लागलं. हरलेल्याचंही लिहून ठेवावं, अभिजित."

आमच्या इथल्या छोट्या मराठी मंडळात ही पद्धत त्यांनीच आणली. मतदानात जो हरेल त्याने अर्धं पान लिहायचं आणि सेक्रेटरीने, म्हणजे मी, ते इतिवृत्ताच्या वहीत चिकटवायचं. बहुतेक पानं श्रीखंड की गुलाबजाम याच पातळीची. आम्ही हसत हसत चिकटवायचो.

गेल्या गणपतीत मी ठराव मांडला की स्टेजवर मुलांनी फक्त मराठीच बोलायचं. आठ विरुद्ध एक मतांनी तो मंजूर झाला. ती एक म्हणजे ताई. माझी अकरा वर्षांची इरा सगळं मराठी समजते, उत्तर मात्र डचमध्ये देते. तिने नाटुकल्यातून नाव काढून घेतलं. मी म्हटलं, हट्टी आहे, येईल ताळ्यावर. दोन दिवसांनी ताईंनी पान हातात ठेवलं. मी वाचलं, मला राग आला आणि ते मी ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. वही कोण उघडून बघतंय!

शेवटचं भेटलो तेव्हा त्या खूप थकल्या होत्या. मी निघताना म्हणाल्या, "माझं पान चिकटवलंस ना रे?"

"हो ताई, केव्हाच."

"मग झालं," म्हणाल्या आणि डोळे मिटले. मी खोटं बोललो होतो, आणि त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

गेल्या आठवड्यातल्या मीटिंगमध्ये ते पान मी उभं राहून वाचलं. "मराठी टिकावी ही तुमची तळमळ मला मान्य आहे. पण जी मुलगी आपलं मराठी ऐकून डचमध्ये उत्तर देते, ती अर्ध्या वाटेवर आलेली आहे. तिला तिथून परत पाठवू नका."  मग मी नियम मागे घ्यायचा ठराव मांडला. तो पाच विरुद्ध तीन मतांनी पडला. या वेळी हरणाऱ्यांत मी होतो, म्हणून अर्धं पान मलाही लिहावं लागलं.

दोन्ही पानं मी घरी जेवणाच्या टेबलाशी बसून वहीत चिकटवत होतो. इराने डचमध्ये विचारलं, हे काय करतोस? मी तिला ताईंचं पान वाचून दाखवलं. ती वहीवर वाकली. मग, डचमध्येच, "हे माझ्याबद्दल आहे?"

"हो. आणि हे तेव्हाच चिकटवायला हवं होतं. माझं चुकलं."

 गोंद वाळेपर्यंत तिने ताईंच्या पानाचा कोपरा तेवढा बोटाने दाबून धरला. इतकी पानं झाली आहेत की वही आता नीट मिटत नाही... मीही ती दाबून मिटवायला जात नाही.