बिननावाचा कुसकुस

दलेंदाने स्वतःचं नाव पहिल्यांदा छापलेलं पाहिलं ते वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, कुसकुसच्या खोक्यावर. लहानपणी ती सुताराची धाकटी होती, मग मुराद ड्रायव्हरची बायको, आणि मुराद गेल्यावर नाबेल गावातल्या त्या गल्लीत नुसतीच ‘युस्रची आई’. आता गच्चीत पांढऱ्या चादरींवर वर्षाच्या बेगमीचा कुसकुस, रव्याचे हाताने वळून वाफवलेले बारीक दाणे, वाळत होता आणि खाली शंभर खोकी रचली होती. प्रत्येकावर ‘दलेंदाचा कुसकुस’ आणि शेजारी तिचा हसरा फोटो.

“दात फार दिसतायत गं.”

“दिसू देत,” युस्र म्हणाली. “गिऱ्हाइकाला हसणारं माणूस आवडतं.”

फोनवरचं दुकान युस्रनेच थाटलेलं. दोन वर्षं माल साध्या कापडी पिशव्यांतून जायचा आणि हातोहात खपायचा. खोक्यांतून चाळीस पार्सलं गेली, त्यांतली तेवीस परत आली. पैसे दारात द्यायची पद्धत, त्यामुळे नको म्हणायचं तेही दारातच.

“भाव उतरवू या,” युस्र म्हणाली.

“रवा तोच, चाळणी तीच, हात तोच. मग बायकांचं काय बिनसलं? मी विचारतेच.”

पार्सल परत पाठवणाऱ्यांना तिने एकेक करून फोन लावला. बाराजणींनी गुळमुळीत उत्तरं दिली. तेरावी इब्तिहेल, कुर्बा गावात नवी नांदायला गेलेली. ती कुजबुजली, “मावशी, थांबा, गच्चीत जाते.” जिना चढल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा.

“सासूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या हो! खोक्यावर तुम्ही हसत होतात. म्हटलं, पार्सल चुकून आलंय.”

“पण मागच्या वेळी तर घेतलंस!”

“तेव्हा पिशवी होती. सांगितलं, आईने पाठवलाय. माझी आई वीस वर्षं शिलाईच्या कारखान्यात होती, मावशी. कुसकुस वळायला तिला सवड कधी मिळाली? पण इथे माहेरच्या कुसकुसावरून आईची किंमत करतात. शुक्रवारी चुलतसासरे जेवायला येतायत, आणि डबा रिकामा आहे.”

दलेंदा बराच वेळ चादरीवरचे दाणे बोटांनी पसरत राहिली. या पोरी तिच्याकडून कुसकुस घेत नव्हत्याच. आपल्या आयांची अब्रू विकत घेत होत्या, आणि तिने त्यावर स्वतःचे दात छापले होते.

“खोकी बंद,” तिने लेकीला सांगितलं. “पुन्हा पिशवी. गाठही हातानेच मारायची, जरा वाकडी.”

“आणि तुझं नाव? आई, इतक्या वर्षांनी कुठे...”

“माहीत आहे मला किती वर्षांनी ते.”

शुक्रवारी सकाळी ती पिशवी घेऊन स्वतःच कुर्ब्याला गेली. सासूने, बेयाबाईंनी, दार उघडलं. दात दिसू न देता दलेंदा म्हणाली, “मी इब्तिहेलच्या आईची शेजारीण. तिने हे पाठवलंय.”

“मग अशी दारातून कशी जाल? जेवूनच जायचं!”

इब्तिहेलचा चेहरा पांढराफटक पडला. पण दुपारी ताट आलं, वर मासा आणि भोपळा, आणि चुलतसासऱ्यांनी पहिला घास घेऊन मान डोलावली. दलेंदाने स्वतःचा दाणा जिभेवर ओळखला, अक्षर ओळखावं तसा.

“काय हो, तुमची शेजारीण किती वेळा चाळते?” बेयाबाईंनी विचारलं.

इब्तिहेलने मान खाली घातली.

“तीनदा,” दलेंदा म्हणाली. “आणि वाफ दोनदा. कारखान्यातून दमून आली तरी चुकवायची नाही.”

इब्तिहेलने वर पाहिलं. डोळे भरले होते.

बेयाबाई दलेंदाकडे निरखून बघत होत्या. “तुम्हाला कुठेतरी पाहिलंय मी.”

“माझा चेहराच तसा आहे. सगळ्यांना पाहिल्यासारखा वाटतो.”

“असेल. पण हिच्या आईला माझा निरोप सांगा. म्हणावं, असा हात आख्ख्या कुर्ब्यात नाही.”

“सांगते,” दलेंदा म्हणाली, आणि हसू फुटायच्या आत तिने भलामोठा घास तोंडात कोंबला.