बोरमाळचा दानशूर

बोरमाळ गावात सगळ्यात दानशूर माणूस कोण, असं विचारलंत तर कुणीही हिंदुराव पाटलांच्या वाड्याकडं बोट दाखवील. साफ खोटं! खरा दानशूर होता कोंडाजी. त्याच्या मालकीचं म्हणावं असं एक फावडं, एक घमेलं आणि एक बायको होती. त्यातली बायको, छबूबाई, आपण कुणाच्या मालकीची नाही हे चारचौघांत ठणकावून सांगायची. म्हणजे खरं तर फावडं आणि घमेलंच.

मोशीच्या पुढं इंद्रायणी ओलांडून चाकणकडं निघालं की उजव्या हाताला आत बोरमाळ. तिथं पाटलांच्या खळ्यामागं कोंडाजीचं झोपडं होतं. जागा पाटलांची. "कोंड्याकडनं मी एक पैसा भाडं घेत न्हाई," असं पाटील आल्यागेल्याला ऐकवायचे, आणि खरंच घेत नव्हते हो. फक्त कोंडाजीनं वर्षभर पाटलांच्याच रानात राबायचं, तेही निम्म्या रोजावर. दुसऱ्या कुणाच्या बांधावर पाय ठेवायचा नाही. सरपण फोडायचं, लग्नकार्यात पाणी भरायचं, पाटलीणबाई माहेरी निघाल्या की ट्रंक डोक्यावर घ्यायची. एवढं सोडलं तर झोपडं अगदी फुकट होतं.

आणि एकटा कोंडाजीच कशाला? गावातला दुसरा कुणी मजूर पुरा रोज मागायला गेला की पाटील मिशीवरनं हात फिरवत म्हणायचे, "कोंड्या करतोय की एवढ्यात. तुला काय सोनं लागलंय?" मागणारा मुकाट्यानं मान खाली घालून कामाला लागायचा.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि सरकारला गरिबांची आठवण यायला लागली होती. एक दिवस धुरळा उडवत जीप आली. तिच्यातनं विकास योजनेचे साहेब उतरले. ज्वारीची काढणी ऐन भरात होती, तरी सगळ्यांना रानातनं बोलावून मारुतीच्या देवळापुढं बसवलं. साहेबांनी गरिबीची कारणं सांगितली: आळस, व्यसन, लग्नातला उधळा खर्च आणि अज्ञान. ऐकता ऐकता दुपार टळली. आपण गरीब का, हे समजून घेण्यात सगळ्यांचा त्या दिवसाचा रोज बुडाला.

कोंडाजी बिचारा मनाला लावून घेणारा. घरी आल्यावर तो आपल्या अंगातला आळस शोधत बसला. मागं एकदा तापानं फणफणला असताना उजाडल्यावर उठला होता, तेवढंच त्याला आठवलं.

"त्येच असंल बग," तो म्हणाला.

"अवो, आळस करायला आपल्याला येळ कंदी घावला?" छबूबाई कडाडली. "त्यो साहेब जीपमधनं उतरताना दोगांनी धरला व्हता त्याला. मला आळस शिकवतोय!"

गरिबीवर साहेबांनी उपायही सांगितला होता. श्रमदान! मोठ्या सडकेपासून गावापर्यंत रस्ता करायचा, घरटी एक माणूस, मजुरी नाही. पाटील सरपंच होते, त्यांनी पहिलं फावडं मारलं. फावड्याला झेंडूची माळ होती. मग ते फावडं त्यांनी कोंडाजीच्या हातात दिलं आणि घोंगडी टाकून बाभळीखाली बसले. पाटलांच्या घरचा एक माणूस म्हणजे कोंडाजी. मग कोंडाजीच्या घरचा कोण? तर छबूबाई. बाकीच्या बागायतदारांनीही तेच केलं. ज्यांच्या बैलगाड्या होत्या त्यांना रस्ता हवा होता, आणि ज्यांच्या पायात वहाण नव्हती ते तो बांधत होते. याला साहेब लोकांचा उत्साह म्हणायचे.

उत्साह चांगला महिनाभर चालला. मजुरी बंद, चूल बंद पडायला आलेली. छबूबाई दिवसभर मुरूम वाहायची आणि येताना नदीकाठची चिघळ नावाची रानभाजी खुडून आणायची. मीठ होतं तोवर मीठ घालून खाल्ली, नंतर तशीच.

अशात गावचाच कादर गवंडी बाजाराला आला. पिंपरीच्या माळावर औषधाचा मोठा कारखाना उभा राहत होता, तिथं तो वर्षभर भिंती चढवत होता. झोपड्यात येऊन म्हणाला, "कोंडाजीभाऊ, मुकादमाला बोलून ठेवलंय. सोमवारी भोंग्याच्या आत दोगंबी हजर व्हा. नवराबायकोला येगळा येगळा रोज, रोख हातात. ऱ्हायला पत्र्याची शेड हाय. पर सोमवार चुकला तर माझ्या हातात काय न्हाई. पार उस्मानाबादेकडनं आलेली मानसं दाराशी बसून हायत."

वेगळा रोज! छबूबाईला जन्मात कुणी वेगळा रोज दिला नव्हता. रस्त्याचं उद्घाटन रविवारी होतं. ते आटपलं की निघायचं, असं दोघांचं ठरलं.

रविवारी आंब्याच्या डहाळ्यांची कमान झाली. पाटलीणबाईंच्या जुन्या लुगड्याचा लाल काठ फीत म्हणून आडवा बांधला. मास्तरांनी शाळेच्या पोरांना बजावलं, फीत तुटली रे तुटली की टाळ्या. सगळं गाव फावडी घेऊन उन्हात उभं राहिलं. साहेब आलेच नाहीत. रविवारी साहेबांना सुट्टी असते, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. संध्याकाळी निरोप आला, उद्या सकाळी येतो.

"उद्या समद्यांनी हितं पायजे," पाटील गरजले. "फोटोवाला येनार हाय. कोंड्या, साहेबाला हार तू घालायचा. गरीब दिसतोस चांगला."

"व्हय जी," कोंडाजी म्हणाला. सवयच ती.

घरी आल्यावर छबूबाईनं त्याला फाडून खाल्लं. "व्हय जी? कुनाला इचारून व्हय जी? तुम्ही घाला हार. मी जानार पिंपरीला!" तिनं गाठोडं बांधायला घेतलं. कोंडाजी दाराशी बसून राहिला. त्याला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. बाप याच झोपड्यात मेला. पिंपरीचं काम संपलं तर परत कुठं यायचं? पण छबू एकटी गेली तर या झोपड्यात राहायचं कुणासाठी, हेही त्याला कळत होतं.

तांबडं फुटता फुटता छबूबाई निघाली. डोक्यावर गाठोडं, त्यावर घमेलं. मागनं फावडं खांद्यावर टाकून कोंडाजी. कमानीशी पाटील बाजेवर बसले होते, पोरं रांगेत उभी होती.

"कुठं रं?"

"पिंपरीला, जी. कामावर."

"रस्ता बंद हाय! साहेबानं फीत कापल्याबिगर कुनी पाय ठिवायचा न्हाई."

आता बोला! दोन्ही बाजूंनी पाटलांचंच रान, तिथनंही जायची सोय नाही. पाटील उठले. "कोंड्या, गेलास तर झोपडं आजच्या आज मोडून टाकीन."

कोंडाजीनं फावडं खांद्यावरनं खाली घेतलं. गाठोड्याच्या ओझ्याखाली छबूबाईची मान ताठ, वाकता येईना, फीत छातीशी अडलेली. ती तशीच उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. ते कोंडाजीला पाहवलं नाही. त्यानं फावड्याच्या दांड्यानं फीत वर उचलली. जुनंपुराणं लुगडं ते, टर्रकन फाटलं.

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला! पाटील ओरडताहेत, मास्तर हात हलवताहेत, पण शिकवलेली पोरं ती, थांबतात होय? त्या टाळ्यांत दोघं नव्या रस्त्यानं चालायला लागली. मोशी, भोसरी करत, धापा टाकत भोंग्याच्या आत पोचली.

पाटलांनी शब्द पाळला. दुपारपर्यंत झोपडं भुईसपाट झालं. साहेब आले तेव्हा त्या मोकळ्या जागेत त्यांना खुर्ची टाकली, आणि गाव किती स्वच्छ आहे म्हणून त्यांनी कौतुक केलं.

मृगाच्या तोंडावर एका सकाळी खुद्द हिंदुराव पाटील पिंपरीला शेडच्या दाराशी उभे राहिले. धोतराला सिमेंट लागलेलं, तोंड उतरलेलं. कोंडाजी गडबडून उठला. छबूबाईनं कपाळाला आठी घालून का होईना, चहा केला.

"चल गावाकडं," पाटील म्हणाले. "झोपडं नवं बांधून देतो. कौलं घालतो."

"काय झालं, जी?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय! तू गेलास आन् समद्यांच्या जिभा सुटल्या. पुरा रोज मागत्यात. न्हाई म्हनलं तर नव्या रस्त्यानं चालू लागत्यात. दिला रं शेवटी, काय करतोस! पेरनी तोंडावर आली. तू आलास म्हंजे त्यांना पुन्हा सांगता येईल मला, कोंड्या करतोय की एवढ्यात."

साहेबांनी देवळापुढं सांगितलेल्या गरिबीच्या कारणांत हे कारण नव्हतं. इतकी वर्षं तो खाली मान घालून राबला, कुणाचं वाईट चिंतलं नाही, आणि त्याच्याच निम्म्या रोजानं सगळ्या वस्तीच्या पोरांच्या तोंडची भाकर निम्मी केली होती. त्याला रडू कोसळलं. पाटलांना वाटलं, गावाची ओढ.

"मग येतोस न्हवं?"

कोंडाजीनं डोळे पुसले. "न्हाई, जी," तो म्हणाला. "मी आलो तर समद्यांचा रोज पडंल."

पाटलांनी चहा संपवला, कप खाली ठेवला. बाहेर भोंगा झाला, तशी छबूबाईनं दोन घमेली उचलली आणि एक नवऱ्याच्या हातात दिलं.